दादाचे खालचे दात

६ ऑक्टोबर, सोमवार

कित्येक महिने इकडे फिरकले नाही. माफी मागायची तर कुणाची, या कागदाची? बरं, मागते. आई गेल्यापासून लिहायला बसलं की तीच समोर यायची, म्हणून बसायचंच टाळलं. पण आज लिहिण्यासारखं घडलं. दादा दात साफ करून घ्यायला तयार झाला!

किती वर्षं मागे लागले असेन. मी दातांची डॉक्टर, आणि माझ्या सख्ख्या भावाच्या खालच्या पुढच्या दातांमागे साठलेल्या किटणाची, पिवळट दगडाची भिंत. तो हसला की मला आधी तीच दिसायची. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं — तुझ्या खुर्चीत माणसाला गप्प बसावं लागतं, म्हणून बोलावतेस मला. आज मात्र स्वतःहून फोन. त्याच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम महिनाअखेरीला आहे, त्याआधी सगळ्यांचे फोटो काढणार आहेत. क्लॅरिनेट वाजवणारा पहिल्या रांगेत, त्यामुळे दात दिसणार. फोटोसाठी का होईना, म्हटलं, ये. रविवारी येतोय.

७ ऑक्टोबर

आज एक शिक्षिका आल्या होत्या. पहिल्यांदाच दात साफ करून घेत होत्या, पर्स पोटाशी घट्ट धरून बसलेल्या. त्यांना नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. हे यंत्र घासत नाही, नुसतं थरथरतं, त्यानं दगड सुटतो. पाणी उडेल, ते ओढून घ्यायला दुसरी नळी आहे. थोडं रक्त येईल, कारण हिरड्या आधीच सुजलेल्या आहेत. चार-आठ दिवस गार पाणी झोंबेल. जिभेला फटी लागतील. तिथे दात नव्हताच, दगड होता. आणि मुख्य म्हणजे, आतलं हाड झिजलेलं असेल तर दात हलायला लागल्यासारखे वाटतील. ते साफ केल्यानं हलत नाहीत. आधीपासूनच सैल असतात, दगडानं एकमेकांना चिकटवून धरलेले असतात. ते धरणारं गेलं की कळतं.

माझी मदतनीस याला ‘मॅडमची कथा’ म्हणते. मी आजारी पडले तर मीच सांगेन, शब्दसुद्धा चुकणार नाही, म्हणाली. हसले मी. पण मनातून अभिमान वाटला. सांगितल्याशिवाय मी कुणाच्या दाताला हात लावत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

लावला.

दवाखाना बंद, मदतनीस सुट्टीवर, आम्ही दोघंच. दादा पाहुण्यासारखा दारात उभा राहिला, बूट कुठे काढू विचारत. घरच्या माणसांचा मी केसपेपर काढत नाही, एक्स-रेसुद्धा नाही काढला. एक्स-रेशिवाय परक्या माणसाच्या दातांना मी शिवले नसते. त्याला म्हटलं, बस, आ कर. एवढंच.

आणि मग बोलत सुटले. का, ते कळत नाही. आई गेल्यापासून आम्ही दोघंच असे कधी एका खोलीत नव्हतो, म्हणून असेल. यंत्र त्याच्या तोंडात, आणि मी आईच्या आजारपणातल्या महिन्यांचा विषय काढून बसले. तू यायचास, फळं ठेवायचास, घड्याळ बघायचास, म्हटलं. तुझे वाद्यवृंदाचे दौरे कधी चुकले नाहीत. तिला उठवणं, बसवणं, तिची चिडचिड — सगळं मी एकटीनं केलं. मोठा तू होतास. हे सगळं शांत आवाजात, काम न थांबवता. मागचा दगड मोठमोठ्या तुकड्यांनी निघत होता, आणि खोटं कशाला लिहू, दोन्हींचं समाधान वाटत होतं.

तो वरच्या दिव्याकडे बघत होता. खुर्चीच्या हातावर त्याची बोटं वाद्यावर फिरावीत तशी हलत होती.

चूळ भरली, जीभ फिरवली, आणि म्हणाला, "अगं, इथे खिडकी केलीस की." हसलो दोघं. मग त्यानं बोट लावून पाहिलं. मधला दात पुढे गेला, मागे आला. त्याच्या शेजारचाही.

"हा हलतोय," तो म्हणाला.

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी म्हणाले, बसेल हळूहळू.

१३ ऑक्टोबर

बसणार नाही. मला माहीत आहे.

१५ ऑक्टोबर

काल वहिनीचा फोन आला. दादा सरावाला बसला आणि पाच मिनिटांत उठला. क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ दातांवर दुमडून घ्यायचा असतो, वाद्याचं तोंड त्याच्यावर टेकतं. सगळा जोर त्याच चार दातांवर. लहानपणापासून बघत आलेय मी हे! रविवारी एकदाही डोक्यात आलं नाही.

आज बोलावून एक्स-रे काढला. मुळांच्या टोकाशी थोडं हाड शिल्लक आहे, बाकी काही नाही. मग जे आधी सांगायचं ते सगळं सांगितलं, अगदी कथेतल्यासारखं, क्रमानं. इतर पेशंट मध्ये मध्ये शंका काढतात, माझ्याच बाबतीत असं का म्हणून भांडतात. त्यानं एक प्रश्न विचारला नाही. मान हलवत राहिला. इतकं रागावलेलं मी त्याला कधी पाहिलं नाही.

हिरड्यांच्या तज्ज्ञाला एक्स-रे दाखवला. माझाच वर्गमित्र. म्हणाला, दगड तसाच ठेवला असता तरी वर्ष-दीड वर्षात गेले असते, तू उगाच जिवाला लावून घेतेस. आणि सहज विचारलं, "आधी सांगितलं होतंस ना त्याला?"

हो, म्हणाले.

१८ ऑक्टोबर

दातांच्या मागून बारीक तार बसवली, चारही एकमेकांना बांधले. या वेळी आधी सांगितलं, आणि पूर्ण वेळ तोंडातून शब्द काढला नाही. मदतनीस दोनदा माझ्याकडे बघून गेली. रोजची बडबड कुठे गेली, असं वाटलं असणार.

दादानं वाद्य बरोबरच आणलं होतं. बाहेर बाकावर बसून जोडलं. एकच लांब सूर लावला. तो आधी नीट निघाला, मग मध्येच फाटला. दादानं डोळे मिटले. पुन्हा लावलाच नाही. एकेक तुकडा सुटा करून फडक्यानं पुसला आणि पेटीत ठेवला.

"नाही गं जमत," म्हणाला. त्यात रागही नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, दादा, माझं चुकलं, आधी सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "तुझी पेशंट ताटकळलीय बाहेर." आणि निघाला.

२१ ऑक्टोबर

कार्यक्रमाला त्याच्या जागी दुसऱ्याला घेतलं. वहिनीकडून कळलं.

२३ ऑक्टोबर

दोन दिवस एकच प्रश्न. परक्याला जे सांगते ते त्याला का नाही सांगितलं?

पहिलं उत्तर सोपं. तो आपला आहे, आपल्या माणसाला काय सांगायचं. पण मग परक्यांना का सांगते? त्यांनी घाबरू नये म्हणून, की उद्या तक्रार करू नये म्हणून? दादा तक्रार करणार नाही याची मला खात्री होती, म्हणून नाही सांगितलं. म्हणजे ती कथा इतकी वर्षं मी माझ्यासाठीच सांगत होते की काय? असं पूर्ण खरं नसेल. पूर्ण खोटंही नाही.

दुसरी गोष्ट लिहायला अवघड जाते. मी त्याच्या मागे लागले ते त्याच्या हिरड्यांसाठी की माझ्या लाजेसाठी? डॉक्टरीणबाईंचा भाऊ आणि दात बघा, असं कुणी म्हणू नये म्हणून?

आणि तिसरी. जे वर्षभर मनात होतं ते नेमकं तो बोलू शकत नव्हता तेव्हा बोलले. तोंड उघडं, त्यात यंत्र, पाणी, माझा हात. याला भांडणसुद्धा म्हणता येत नाही. भांडणात समोरच्याला तोंड असतं.

आज एका पेशंटला कथा सांगताना मधेच अडखळले. मदतनीसच पुढचं वाक्य बोलून गेली.

२६ ऑक्टोबर, रविवार

कार्यक्रमाला गेले. जाऊ नये असं फार वाटत होतं. दादा वहिनीबरोबर प्रेक्षकांत बसला होता. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले, जणू आत्ता उठून वर जाणार. मी मागच्या रांगेत.

त्याच्या जागेवरचा मुलगा चांगला वाजवतो. एका ठिकाणी घाईत सूर निसटला. दादाची मान किंचित वळली, आणि शेवटी सगळ्यात जास्त वेळ टाळ्या त्यानंच वाजवल्या.

मध्यंतरात मला बघून आला. चहा घेतलास का, विचारलं. गरम चहाचा कप त्यानं तोंडाच्या एका कडेनं लावला, दात चुकवून. भोवती त्याचे दोस्त आले, एक म्हणाला, काय रे, बहिणीनंच तुला आउट केलं म्हणे! सगळे हसले. दादाही हसला, ओठ मिटून. दगड गेला, दात स्वच्छ झाले, आणि आता तो ओठ मिटून हसतो.

काही बोलणार होते. घंटा झाली. आत गेलो.

२७ ऑक्टोबर, सोमवार

वहिनीचा फोन. दात काढूनच टाकायचे ठरवलंय त्यानं, उद्या सकाळी येतोय. मी पुन्हा माफीचं काढलं तर तिनं अडवलं. "अगं, ह्यांना सगळं माहीत होतं. मागच्याच वर्षी आमच्या इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं होतं. साफ केले तर हलणार, नाही केले तरी जाणार. जायचेच आहेत तर तिच्या हातून जाऊ देत, म्हणाले. तुझ्याकडून साफ करून घरी आले त्या रविवारी, दातांचं नावच नाही. म्हणाले, आई गेल्यापासून पहिल्यांदा बोलली ती माझ्याशी."

उद्या — भूल देण्याआधी दादाला बोलू द्यायचं.