मेणाने बंद केलेला डबा

प्रिय छकुले,

हा तिसरा कागद. दोन फाडले, मध्येच उठून नळ बंद आहे का ते दोनदा पाहून आले. बारा वर्षांनी तुला लिहायचं तर हात कसा चालणार?

दुकान बरं चाललंय. जुन्या प्लॅस्टिकचे दागिने दुरुस्त करणारी म्हणून लोक मला शोधत येतात, आहेस कुठे! आई करून दाखवायची तसंच मीही ओळखते. अंगठ्याने खसाखसा घासायचं, गरम झालं की नाकाशी धरायचं. औषधी, उग्र वास आला तर बेकेलाइट, कापरासारखा आला तर सेल्युलॉइड. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते, बाई, सेल्युलॉइड डब्यात कोंडू नका, त्याला हवा लागते, नाहीतर ते आतल्या आत सडतं.

आईच्या साईच्या रंगाच्या चार सेल्युलॉइडच्या बांगड्या आठवतात ना? आठवणारच. तुला द्यायच्या ठरल्या आणि आठवड्याभरात कपाटातून गेल्या. आईला वाटलं, तूच परस्पर उचलल्यास; तू नाही नाही म्हणत राहिलीस, आईने ऐकलं नाही, तू घर सोडलंस. मी दारातच उभी होते. तोंडातून चकार शब्द काढला नाही.

आईला आता दिसत नाही. गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाली, "छकुलीला कळव, घेतल्यास तर घेतल्यास, मी माफ केलं तुला." मी ताट तसंच ठेवून उठले.

बांगड्या मी घेतल्या होत्या गं. तुझ्या हातात मला बघवल्या नसत्या, एवढंच कारण. वास आईच्या नाकाला लागेल म्हणून डब्यात घालून झाकण मेणाने बंद केलं आणि डबा माळ्यावर टाकला. पुढे या धंद्यात पडले, आत काय होत असेल ते कळलं, तरी उघडायची छाती झाली नाही.

रविवारी उघडला. तीन बांगड्यांचा पिवळा चुरा, चौथी तडकलेली पण अख्खी. ती आईच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं. तिने अंगठ्याने घासली, बराच वेळ नाकाशी धरून बसली. मग म्हणाली, "मी कुणाला माफ करत बसले होते? मलाच तिची माफी मागायचीय. बोलाव तिला." त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही.

बांगडी तिच्या उशाशी उघड्या बशीत आहे. रोज एक नवी रेघ उमटते, आणि आईही आता थकलीय. मला माफ करू नकोस हवं तर. पण ये, लवकर ये.

अजून म्हणवून घेता येत असेल तर, तुझीच,
ताई