पुस्तकाला हवा असलेला बाप

प्रिय बाबा,

फोन केला असता, पण फोनवर तू "बरी हायस ना?" एवढंच विचारतोस आणि मी हो म्हणायच्या आत फोन निकेतच्या हातात देऊन मोकळा होतोस. आज मला सगळं बोलायचंय आणि मधे कुणी नकोय, म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा लाव आणि ओटीवर बसून सावकाश वाच. रचनाला वाचायला देऊ नकोस, तुझी सून अर्ध्यावर हसत सुटेल आणि तुला वाटेल मी गंमत करतेय. मी गंमत करत नाहीये. मी भयंकर रागावलेय.

मांडव्याजवळच्या त्या रिसॉर्टमध्ये लेखकांचा मेळावा आहे आणि मी तिथे एजंटांना भेटणार आहे, असं सांगितलं तेव्हा तुझा चेहराच उतरला होता. आपल्याकडे एजंट म्हणजे जमिनीचा. पेढ्यांचा बॉक्स घेऊन येणार, आधी तुझी तब्येत विचारणार आणि मग पिशवीतून कागद काढणार. निघताना तू मला बजावलंस, "पयल्या दिवशी सही करायची न्हाय." अरे, हे वेगळे. हे आपलं लिखाण घेऊन प्रकाशकांकडे जातात, आपल्या वतीने बोलतात, इंग्रजीत करून घेतात. मी इतकी वर्षं पोस्टाने पाठवून पाहिलं. प्रकाशकांकडून नकारसुद्धा येत नाही, तिथे होकार कुठला? माझ्यासारख्या गावातल्या शाळामास्तरणीचं पुस्तक कुणी एजंटाने उचललं तरच निघणार, नाहीतर कपाटात माझ्या साड्यांखाली पडून राहणार. आई तर गेली, आणि ते पुस्तक तिच्यावरच आहे, म्हणून मला ते कपाटात नको होतं.

बागेत नारळाखाली टेबलं मांडली होती. एका बाजूला एजंट, समोर लेखक. थोडीच मिनिटं, मग घंटी. आपली गोष्ट एका वाक्यात सांगा, असं सगळ्यांना आधीच शिकवलेलं. मी वाक्य पाठ केलं होतं रे, चांगलं आरशासमोर उभं राहून. पण पहिल्याच टेबलावर बसले, तोंड उघडलं आणि आईचंच सुरू झालं. लग्नाच्या मांडवात गाणाऱ्या धवलारणीची मुलगी ना मी. लग्नात धवले गायचे तर आधी सगळ्या देवांना आवतण, मग गावदेवीला, मग वेशीवरच्याला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. कुणाला वगळून सुरुवात करायची माझी जीभच वळेना. त्या गृहस्थांना मी आईची ही रीत समजावत खाडीवरच्या देवापर्यंत आले आणि घंटी वाजली. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं की यात नायिका कधी येते. मी म्हटलं, अजून मांडवसुद्धा घातलेला नाही. शेजारच्या टेबलावरची माणसं हसली. हसू देत.

दुसरी होती जागृती. माझ्यापेक्षा बरीच लहान, मुंबईची, पण मराठी स्वच्छ. तिने मात्र आधी पाठवलेलं सगळंच्या सगळं वाचलं होतं. आई हळदीच्या मांडवात कशी उभी राहायची, घसा बसला तरी धवले अर्धे सोडायची नाही, नवऱ्यामुलाच्या उर्मट मामाला तिने गाण्यातूनच कसं गप्प केलं, हे ती मलाच सांगत होती. मला रडायलाच आलं. पहिल्यांदा कुणा परक्या माणसाने आईबद्दल, तुझ्या रखमाबद्दल असं बोलावं! इंग्रजीतही होईल म्हणाली, मोठा प्रकाशक घेईल म्हणाली. आणि मग पानं नीट लावत म्हणाली, "फक्त वडील बदलावे लागतील. वडील इतके चांगले असतील तर पुस्तक उभं राहत नाही."

म्हणजे काय, तर तू आईला गाऊ द्यायचं नाही. तू दारू प्यायची. हात उचललास तर उत्तमच. मग ती तुझ्या नाकावर टिच्चून घराबाहेर पडणार आणि वाचणारे टाळ्या वाजवणार. जागृती वाईट नाहीये बाबा. असे बाप तिने पुष्कळ वाचलेत, आणि असे बाप असतातही, आपल्या आळीतच दोन आहेत. पण म्हणून माझा?

मी तिला सांगितलं की आमच्याकडे मीठ आणि लगीनसराई एकाच वेळी येते. ऐन मीठ ओढायच्या दिवसांत आईला गावोगावहून बोलावणी यायची. तेव्हा मिठागरातलं तिचं काम तू करायचास, स्वतःचं करून वर तिचं. पायांना भेगा पडून रक्त यायचं, तरी संध्याकाळी सायकल काढून तिला मांडवापर्यंत सोडायचास आणि बाहेर बाप्यांत बसून राहायचास. घरी आम्हाला कालवण करून घालायचास, ते इतकं खारट की मी आणि निकेत नुसता भात खायचो. लोक तुला बायकोची पिशवी धरणारा म्हणायचे. तू म्हणायचास, धरतो, जड हाय ती. तुझ्यात खोट नाही असं थोडंच आहे? तू घोरतोस, पत्त्यांत लबाडी करतोस आणि निकेतने आणलेला नवा शर्ट दिवाळीपर्यंत घडीतच ठेवतोस. हे सगळं पुस्तकात आहे. जागृती हसली आणि म्हणाली, उद्या सकाळी सांगा.

त्या दुपारी मी घरी फोन केला. मला मोह झाला होता. वाटलं, नाव बदलू, गाव बदलू, कोणाला कळणार आहे? निकेतला सगळं सांगितलं, त्याने फोन स्पीकरवर टाकला होता हे मला माहीत नव्हतं. तू तिथेच बसून सगळं ऐकलंस, हे मला काल रचनाकडून कळलं. पण फोन ठेवल्यावर मला तुझ्या भेगा आठवत राहिल्या. सकाळी मी जागृतीच्या टेबलावर जाऊन सांगितलं, "माझ्या आईला मोठं करायला माझ्या बापाला लहान करायची गरज नाही. तो तसाच राहील. जमत असेल तर घ्या." तिला जमत नव्हतं. मी पानं उचलली आणि निघाले. जेट्टीजवळ वडापाव खाल्ला, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. अजून एजंट आहेत. आणखी तिघांना पाठवलंय, काना-मात्राही न बदलता.

हे तुला कळवायचं राहिलं, आणि तेवढ्यात तू काय करून बसलास! काल रचनाचा फोन आला. तू नाक्यावर बसून लोकांना सांगत सुटलायस की तू दारू प्यायचास. आईला गायला जाऊ द्यायचा नाहीस, मारायचास. रावजीकाका घरी येऊन रडले, महिपत असा होता आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही म्हणून. रचनाने तुला विचारलं, तर तू म्हणालास, "पोरीच्या बुकात खोटं नको पडाया. गावाला ठावं असलं म्हणजे झालं." बाबा, तुला काही वाटतं का रे? आयुष्यभर पत्त्यांत सोडून कुठे खोटं बोलला नाहीस आणि आता हे? मी तुझ्यावर इतकी चिडलेय की लिहिताना मला अक्षर दिसत नाहीये. हे पत्र वाचून झालं की उठ, तो नवा शर्ट घाल, आणि आधी रावजीकाकांकडे जा, मग नाक्यावर. जेवढ्यांना सांगितलंस तेवढ्यांना सांग की मी खोटं बोललो, मी माझ्या बायकोची पिशवी धरायचो. असा बाप पुस्तकात चालत नाही म्हणणाऱ्यांशी भांडायला मी आहे, खंबीर आहे. फक्त तू त्यांच्या बाजूला जाऊन बसू नकोस.

तुझीच, तुझ्यावर रागावलेली,
रुचिता