सूर्याला दगड म्हणणारा

लाम्प्साकोस, द्राक्षतोडणी संपता संपता

चि. नौसिमेनीस यास क्लेइतागोराचे अनेक आशीर्वाद.

तेलाच्या गलबतावरचा माणूस सांगत आला, की सूर्य हा तापलेला दगड आहे असं तू अथेन्सच्या भर बाजारात शिकवतोस आणि तुझ्यावर देवनिंदेचा खटला उभा राहिलाय. खाजवून खरूज काढायची खोड तुझी जुनीच! याच बोलण्यापायी अनॅक्सागोरस गुरुजींना अथेन्स सोडून आपल्या लाम्प्साकोसला यावं लागलं. त्यांच्यापाशी शिकलास आणि नेमका अथेन्सलाच गेलास? सूर्य देव आहे म्हण आणि मोकळा हो. फिलिन्नाचा तरी विचार कर. नवी नवरी ती.

तुझ्या काळजीने झोप उडालेली,
ताई

अथेन्स, पहिल्या थंडीत

ति. ताईस शि. सा. न. वि. वि.

फिर्यादीही तेच म्हणतो: सूर्याला मधाची पोळी वाहा, चुकलो म्हण, खटला मागे घेतो. फिलिन्नाचे भाऊ म्हणतात, हरलास तर बहिणीला घेऊन जाऊ. तिच्या मनात काय आहे, कळत नाही.

पण ताई, आपण भाकरी खातो, तिचंच रक्त होतं, हाड होतं, केस होतात. म्हणजे हे सगळं भाकरीत आधीपासून असणारच. प्रत्येकात प्रत्येकाचा अंश. मग आकाशच तेवढं वेगळ्या मातीचं कसं? सामुद्रधुनीपलीकडे, तुमच्या समोरच्या काठावर, ईगोस्पोतामीला, आकाशातून पडलेला धोंडा आहे. एकदा जा, हात लावून बघ, आणि मग सांग मी काय बोलू.

तुझा हट्टी धाकटा,
नौसिमेनीस

लाम्प्साकोस, वारा पडल्यावर

चि. नौसिमेनीस यास अ. आ.

जाऊन आले. तुझे दाजी वाटभर कुरकुरत होते. गाडीभर मोठा धोंडा, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा. लोक नमस्कार करतात, मीही केला. मग हात लावला. दगडच रे, थंडगार! तिथेच रडू फुटलं, कारण तुला गप्प बस म्हणायला आता मला तोंड उरलं नाही. खोटं बोलू नकोस. दाजी म्हणाले, भावाला मारायला निघालीस. मी म्हटलं, मरायचा नाही, घरी येईल. मागची खोली रिकामी करा.

देव कशाचेही बनलेले असोत, तुला सांभाळोत.
ताई

अथेन्सचं बंदर, गलबत सुटण्याआधी

ति. ताईस सा. न.

न्यायसभेत सरळ सांगितलं, सूर्य दगड आहे. उजाडताना मीही हात जोडतो, पण आहे दगडच. एक म्हातारा हसला, बाकीचे अंगावर ओरडले. हद्दपारी झाली, जीव तेवढा वाचला.

घरी आलो तर फिलिन्नाचे भाऊ खेचर घेऊन दारात. तिने मला एवढंच विचारलं, चंद्रही दगडच का? मी म्हटलं, होय, तिथे डोंगर आहेत, दऱ्या आहेत. तर म्हणते कशी, चंद्रावरचे डोंगर दिसतात यांना, मग लाम्प्साकोस काय लांब! बोचकं उचललं आणि भावांच्या देखत माझ्यापुढे चालू लागली.

आता आम्हा दोघांवर माया असू दे.
नौसिमेनीस