जिताड्याचं डोकं आणि माझं स्पॅनिश

आये, तुझी मुलगी चोपन्नाव्या वर्षी स्पॅनिश शिकली. ही कुठली भाषा, असं तू विचारलं असतंस. तुझ्या नातीच्या सासरची, एवढं समज. नात मेक्सिकोला नोकरीला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरवून बसली. विहीणबाईंना दुसरी भाषा येत नाही. पोरगी म्हणाली, "मम्मी, मी आहे ना, मी सांगते त्यांना." पण लेकीच्या काळजीचं बोलणं लेकीच्याच तोंडून कसं पाठवायचं? म्हणून नौपाड्यात माझ्या ऑफिसाजवळच क्लास लावला.

फार छळलं गं या भाषेनं. माणूस बदलला की क्रियापद बदलतं, काळ बदलला की पुन्हा बदलतं. आपलं 'ते' टेबल त्यांच्याकडे बाईसारखं 'ती' होतं. विशीतली मुलं धडाधड बोलायची आणि मी मनात वाक्य जुळवून तोंड उघडेपर्यंत विषय संपलेला असायचा. वर्षभर वर्गात मी जवळजवळ मुकीच होते. तेव्हा तुझी आठवण यायची. रस्त्याकडेला मासळीची पाटी मांडून तू सिंधी गिऱ्हाइकाशी सिंधीत बोलतेस, बंगाल्याशी बंगालीत, सगळंच मोडकंतोडकं, आणि मी शाळेतून येऊन तुझ्या चुका काढतेय. "अगो, चुकला तं गिऱ्हाईक हसल," कोळंबी सोलता सोलता तू म्हणतेस, "हसला तं थांबल. तू गप ऱ्हा, बग कोन थांबते."

गेल्या महिन्यात विहीणबाई पोरीसोबत आमच्या ठाकुर्लीच्या घरी आल्या. मी जिताडा माशाचं कालवण केलं आणि आपल्या रीतीप्रमाणे मानाचं डोकं त्यांच्या ताटात वाढलं. त्यांचा चेहरा उतरला. चांगले तुकडे घरच्यांना ठेवून उरलंसुरलं आपल्याला दिलं, असं त्यांना वाटलं. पोरगी बोलणार एवढ्यात मी तिला थांबवलं. पाठ केलेली सगळी वाक्यं पळून गेली होती. मग मी तुझ्यासारखीच बोलले, हातवारे करत, तुटक तुटक: डोकं. मोठा मान. पाहुणा पहिला. माझी आई असंच वाढायची. त्या हसल्या. गालाचं मांस कसं काढायचं ते मी दाखवलं आणि त्यांनी बोटं चाटत खाल्लं.

जेवणानंतर मी ते बोलले, ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता. माझी मुलगी दुखलंखुपलं लपवते, तुम्ही मला सांगा. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, माझा मुलगा चुकला तरी सांगेन. सगळं कळलं मला आये, कुणाला एक शब्दही न विचारता. मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तुझा तर त्याहून जास्त.

मग त्यांनी विचारलं, तुमची आई काय करायची? मासे विकायची, मी म्हटलं, ठाण्यात रस्त्यावर बसून, सहा भाषांत. ताठ मानेनं म्हटलं. पण खरं सांगू? ऑफिसात बावीस वर्षं माझ्यासोबत डबा खाणाऱ्या बायकांना हे मी मराठीत अजून सांगितलेलं नाही. तुला लिहिलेला हा कागदसुद्धा त्यांच्या हाती लागू नये म्हणून ऑफिसच्या पर्समधून काढून घरी कपाटात ठेवतेय.