कोटाची पाळी

ता. ४ ऑक्टोबर

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही आणि तुमचं मात्र अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जातं, म्हणून पत्र.

काम छान चाललंय. काल पहिल्यांदाच माझ्या हातून चष्म्याचं भिंग न तडकता घासून निघालं. उस्तादबाईंनी ते खिडकीशी धरून पाहिलं आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे शाबासकी, असं बाकीच्यांनी समजावलं.

गाडं अडलंय ते जागेपाशी. मैत्रिणीच्या मावशींकडे बोळात झोपते, पण महिनाअखेरीस त्यांचे दीर कायमचे राहायला येतायत. दोन आठवडे खोल्या बघत हिंडतेय. एकाने दाखवलेल्या खोलीत दार उघडायचं तर खाट बाहेर काढावी लागते. दुसऱ्याने गॅलरीला प्लायवुड ठोकलंय आणि तिला हवेशीर म्हणतो. भाडं ऐकून मी त्याला विचारलं, हवेचे वेगळे पडतील का? तो हसलासुद्धा नाही.

एकतीस तारखेपर्यंत जागा मिळाली नाही तर मला परत यावं लागेल, आणि माझी शिकाऊ जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. आईने माझी गादी आत्ताच उन्हात घातलीय म्हणे. तिला वाईट वाटत असेल असं तिच्या आवाजावरून तरी वाटलं नाही.

तुम्ही याच शहरात चार वर्षं राहिलात, अर्ध्या पगारात. ते कसं? भाषण नको, पत्ता हवा.

टंचाई जागेची आहे, लोभाची पडू देऊ नये.

तुमची,
टाचणी

*

ता. ९ ऑक्टोबर

चि. टाचणीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून मी तासभर भिंतीशी भांडत होतो, असं तुझी आई म्हणते. भांडणारच. ज्या शहरात भिंगं घासणारीला पाठ टेकायला जागा नाही त्या शहराने चष्मा काढून ठेवावा, त्याला काही बघायचंच नाही! सकाळी सगळ्यांना आत घेतं. पाव भाजा म्हणतं, विटा वाहा म्हणतं, रुग्णांच्या चादरी धुवा म्हणतं. आणि काम झालं की विचारतं, तुम्ही इथे कसे?

भाषण नको म्हणालीस. बरं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. स्वस्तात राहणं म्हणजे काटकसर नव्हे. काटकसर माणूस एकट्याने करतो आणि कुढा होत जातो. स्वस्तात राहायचं ते चार माणसं जमवून. आम्ही सहाजण होतो, एका बेकरीवर, तिसऱ्या मजल्यावर. बेकरीचं धुराडं आमच्या भिंतीतून वर जायचं, त्यामुळे थंडीत ती भिंत गरम असे आणि तिच्याशी बसायच्याही पाळ्या होत्या. खाटा तीन, माणसं कामाच्या पाळीप्रमाणे दोन-दोन. मी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून घरी यायचो तेव्हा माझ्या खिडकीखालच्या खाटेवरचा रखवालदार उठून कामावर निघालेला असायचा. वर्षभर आम्ही एकमेकांना बहुतेक जिन्यातच भेटलो. साबणाची वडी दोऱ्याने कापून सहा तुकडे. वर्तमानपत्र एकच, मी मोठ्याने वाचायचो, म्हणून मला सगळे भोंगा म्हणत. कोणाला ऐकायचं नसलं तरी ऐकायला लागायचं.

आणि कोट! नोकरी मागायला जायचं तर अंगावर बरा कोट हवा, आणि आमच्यात एकच. करडा, तपकिरी अस्तराचा. आमच्यातल्या शिंप्याने, त्याला सगळे मास्तर म्हणत, सहाही जणांची मापं घेतली आणि कोणालाच नीट बसणार नाही पण सगळ्यांना चालेल असा तो शिवला. शिवण्यातलं एवढं कसब मी पुन्हा पाहिलं नाही. त्याचे नियम मी वहीत लिहून चुलीशी टांगले होते. प्रत्येकाचा वार ठरलेला. ज्याच्या अंगावर कोट आहे त्याची जागा दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, कारण नोकरी मागायला निघालेल्याला परत आल्यावर खाट असेल का ही धास्ती नको. आणि परत आल्यावर, कोट काढण्याआधी, चुलीशी उभं राहून काय झालं ते सगळ्यांना सांगायचं. हो म्हणाले असोत की नाही. नकार एकट्याने गिळायचा नसतो, यावर मी तेव्हा अर्धा तास बोललो होतो आणि मास्तरचं पीठ मळायचं राहिलं होतं.

तशी घरं आता कुठली राहिली असणार! तू नदीपलीकडे बघ. दलालाला विचारू नकोस, बेकरीवाल्याला विचार, धोब्याला विचार. कुठल्या घरातलं माणूस कमी झालं हे त्यांना पहिलं कळतं.

आशीर्वाद आहेतच, ते घेऊन चार जिने जास्त चढ.

तुझा,
काका

*

ता. १४ ऑक्टोबर

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा शोधलं, तर त्यात साबण आहे, भिंत आहे, पीठ आहे, पत्ता तेवढा नाही.

तुमचं ऐकून चार बेकऱ्या आणि दोन धोबी पालथे घातले. एका धोबीणबाईंनी एक जागा सांगितली, पण मी पोचेपर्यंत तिथे एक बिऱ्हाड पातेली लावत होतं. आता सतरा दिवस उरलेत.

आईला फोनवर तुमच्या कोटाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ती लग्न होऊन घरात आली त्याच वर्षी तुम्ही शहरातून परत आलात, भर उन्हाळ्यात, घामाने निथळत, अंगात करडा कोट. तो तुमच्या ट्रंकेत तळाशी आहे आणि त्याला हात लावायची कोणाला परवानगी नाही. बाबांनी एकदा थंडीत मागितला तर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत.

काका, अस्तर तपकिरी आहे का हो?

रागावू नका. रागावलात तरी पत्ता लिहून मग रागवा.

तुमची,
टाचणी

*

ता. १८ ऑक्टोबर

चि. टाचणीस,
अ. आ.

तपकिरीच आहे.

तुझं नाव आम्ही उगाच टाचणी ठेवलं नाही. ऐक आता.

छापखान्याचा मालक कामाच्या जागी झोपणाऱ्यांचा पगार कापायचा. झोपायला दुसरी जागा असती तर कोण शिशाच्या धुळीत झोपलं असतं? मी त्यावर पाचशे माणसांसमोर बोललो आणि दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. बोललो त्याचा पश्चात्ताप मला कधी झाला नाही, आजही नाही. सोमवारी माझी कोटाची पाळी होती. तो घालून मी सगळे छापखाने फिरलो. माझं नाव माझ्या आधी पोचलेलं होतं. शेवटच्या ठिकाणी मालकाने मला आधी चहा दिला आणि मग सगळ्या कामगारांना बोलावून सांगितलं, हा बघा तो बोलणारा.

तिथून घर दहा मिनिटांवर होतं. स्टेशन पंचवीस. मी स्टेशनकडे वळलो.

तिसरा मजला चढून, चुलीशी उभं राहून मला सांगायचं होतं की नाही म्हणाले, सगळे नाही म्हणाले, आणि मी हरून गावी चाललोय. टिकून राहा, टिकून राहा, असं त्या पाचजणांना चार वर्षं सांगणारा मी. पाय वळले नाहीत.

आणि हे मला ठाऊक होतं, हे नीट ऐक, की दुसऱ्या दिवशी मंगळवार होता आणि मंगळवार मास्तरचा. मोठ्या कपड्यांच्या दुकानात कापणाऱ्याच्या जागेसाठी त्याला बोलावलं होतं. दोन महिने तो त्या दिवसाची वाट बघत होता. गाडी सुटली तेव्हा मला वाटलं, उतरलो की पार्सल करू, सोबत चार ओळी लिहू. कोट बांधलाही. चार ओळी काही होईनात. जो माणूस कागद हातात न घेता तासभर बोलायचा त्याला चार ओळी सुचेनात! आठवडा गेला, महिना गेला. मग उशीर इतका झाला की पार्सल पाठवणं हीच थट्टा वाटायला लागली. चौतीस वर्षं झाली.

पत्ता लिहितो. ट्रामच्या जुन्या डेपोमागे, बेकरीवर, तिसरा मजला. दुसऱ्या मजल्यावर कठडा नाही, भिंतीकडून चढ. मास्तर अजून तिथे असला तर माझी पुतणी आहेस हे सांगू नकोस. कोणाचीच नाहीस म्हण.

हे वाचून तुझा माझ्यावरचा जीव थोडा कमी झाला तर तेही बरोबरच आहे.

काका

*

ता. २१ ऑक्टोबर

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

गेले होते. बेकरी आहे. भिंत गरम आहे. मी जिन्यात हात लावून पाहिला. कठडा अजून नाही.

दार मास्तरांनीच उघडलं. बुटके, पांढरे केस, तोंडात पाच-सहा टाचण्या धरलेल्या. जागा आहे का विचारलं तर टाचण्यांसकट मान हलवली: नाही. आत बघितलं तर खाटा भरलेल्या. आता तिथे सगळ्या कामाच्या मुली राहतात. एक नर्स, एक बसकंडक्टर, दोघी लाँड्रीतल्या, एक वीज दुरुस्त करणारी. मास्तर आणि त्यांची बायको मागच्या खोलीत. कोपऱ्यात, खिडकीखाली, नुसतं इस्त्रीचं टेबल.

मी नमस्कार करून उतरले. दुसऱ्या मजल्यावर थांबले. तुमचं ऐकून कोणाचीच नाही म्हणून परत जायचं, तर मग तुम्ही जे स्टेशनकडे वळलात त्यात आणि यात फरक काय? परत चढले आणि सांगितलं की मी त्याची पुतणी, कोट नेणाऱ्याची.

त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढल्या आणि बाहीला खोचल्या. मग फक्त एवढंच विचारलं की कसर लागली का त्याला. मी म्हटलं, ठाऊक नाही, काका कोणाला हात लावू देत नाहीत. त्यावर बायकोकडे बघून म्हणाले, बघ, नीट ठेवलाय गाढवाने. मला बसायला सांगितलं, बशीत बिस्किट दिलं आणि खिडकीशी बसून सोबतचं पत्र लिहिलं. चिकटवताना म्हणाले, वाचायचं नाही. मी वाचलेलं नाही. उजेडासमोरही धरलं नाही, आणि माझा तर तो धंदा आहे.

दहा दिवस उरलेत. जीव तुमच्यावर आहे तेवढाच आहे, मोजू नका.

टाचणी

*

(सोबतचे)
ता. २० ऑक्टोबर

भोंग्यास,
स. न. वि. वि.

मुलाखत फारच लांबली म्हणायची तुझी.

मंगळवारी मी सदऱ्यावर गेलो. दुकानाच्या मालकाने विचारलं, शिंपी आणि स्वतःला कोट नाही? मी म्हटलं आहे, पण आज नाही. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. जागा दुसऱ्याला मिळाली. ते दुकान पुढे खूप मोठं झालं आणि मी याच खिडकीशी लोकांच्या बाह्या आखूड करत राहिलो. हे लिहितोय कारण तुला ते ठाऊक असायला हवं. अकरा वर्षं मी तुझ्यावर मनापासून रागावलो होतो. बारावं वर्ष लागलं तेव्हा माझं लग्न ठरलं आणि रागासाठी वेळ पुरेनासा झाला.

पण सगळ्यात जास्त राग कोटाचा नव्हता रे. त्या रात्री आम्ही पाचजण जेवायचे थांबलो होतो. तुला नाही म्हणाले असणार हे आम्हाला संध्याकाळीच कळलं होतं. तुला एवढंही वाटलं नाही, की आम्ही ते ऐकून घेतलं असतं?

आता नियमाचं. वही अजून चुलीशी आहे, अक्षर तुझं आहे. ज्याच्या अंगावर कोट आहे त्याची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. तू अर्धा तास बोललास तेव्हा आम्ही सगळ्यांनी हात वर केले होते. म्हणून खिडकीखालची जागा मी कोणाला दिली नाही. पहिली काही वर्षं चिडून दिली नाही, की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे. मग तिथे इस्त्रीचं टेबल आलं. पण नवी मुलगी राहायला आली की बायको अजून सांगते, ती जागा एकाची आहे, तो बाहेर गेलाय.

म्हणजे जागा आहे आणि ती तुझी आहे. तुझी पुतणी तिथे राहू शकते, पण जागा तुझी म्हणून परवानगी तू द्यायचीस, कोट परत करायचास, आणि त्याआधी दुसरा नियम पाळायचास. तो काय हे तुला मी सांगायला नको. पोरीच्या हाती वेळ थोडा आहे. चार ओळी पुरेत.

लोभ किती उरला ते आल्यावर माप घेऊन सांगतो.

मास्तर

*

ता. २५ ऑक्टोबर

मास्तरास,
स. न. वि. वि.

सोमवारी गेलो होतो. सगळीकडे गेलो. नाही म्हणाले.

खिडकीखालच्या जागेवर टाचणी राहील, माझी परवानगी आहे. कोट पार्सलने पाठवत नाही. अंगात घालून गुरुवारच्या गाडीने निघतो, शुक्रवारी सकाळी पोचेन. कसर लागलेली नाही. बटणं लागत नाहीत, पण ती तेव्हाही मला लागत नव्हती.

चूल पेटवलीत तर बरं. हेच पुन्हा तिथे उभं राहून सांगायचं आहे, आणि तोवर कोट मला काढता येणार नाही.

तुमचा,
भोंगा