आईच्या हनुवटीवरचे तीन टिपके

मंगळवार, १४ मार्च १९९५
कोपरखैरणे

उद्या आईचं तेरावं. दादा आज स्टुडिओतून तिचा मोठा केलेला फोटो घेऊन आला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. हनुवटीवरचे तीन हिरवे टिपके गायब! गोंदणच पुसून टाकलंय. वर रंगही उजळ केलाय. ही कोण बाई?

माझ्या श्वेताच्याही लगेच लक्षात आलं. "मामा, आजीचे टिपके कुठे गेले?"

दादा मला म्हणतो, "मीच काढायला सांगितले. उद्या ऑफिसची माणसं येणार. गावठी दिसतं गं ते."

गावठी! हीच गावठी बाई वाशीच्या बाजारात मासळी विकत बसली, म्हणून तू ऑफिसात बसलास ना? हे तोंडावर म्हणायला हवं होतं. का नाही म्हटलं मी? पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून? आई असती तर गप्प बसली असती का?

श्वेता ते तीन टिपके बोट लावून मोजायची, तेव्हा आई तिला सांगायची, "सोनं हितंच ऱ्हानार. गोंदन तेवढं माज्यासंगती येनार हाय."

तिला नेण्याआधी वहिनीने कुड्या, पाटल्या सगळं उतरवून घेतलं. रीतच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. टिपक्यांना मात्र कुणाला हात लावता आला नव्हता. तिच्या अंगावर तिचं म्हणून तेवढंच राहिलं होतं.

पोटच्या पोराने आज तेही उतरवलं.