शेवंतीला सरकारी मान मिळाला, त्याची हकीकत

जबलपूर, रविवार

तीर्थरूप सौ. विनताताईस,

अच्युतचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो मनातल्या मनात घातला, तसाच गोड मानून घे.) भाऊजींचा गुडघा आता काय म्हणतो? फोनवर तू मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र. शेजारचा पियूष उद्या त्याच्या गाडीनं नागपूरला येतो आहे, त्याच्या हाती पाठवतो.

आनंदाची बातमी आधी सांगतो. आईनं अंगणातल्या चार कुंड्यांवर सुरू केलेल्या आपल्या शेवंती उत्सवाला शहराची अधिकृत मान्यता मिळाली! इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आणि यंदा मान्यता नसती तर शहराच्या बागेतली आपली जागा चाट-पकोड्यांच्या मेळ्याला जाणार होती. आईचा उत्सव माझ्या कारकिर्दीत बुडाला असं तू जन्मभर ऐकवलं असतंस, या धास्तीनं मी महिनाभर नीट जेवलो नाही. (तुझी भावजय विभावरी म्हणेल, जेवले की. तिचं ऐकू नकोस.)

मान्यतेची अट अशी की उत्सवाला दोन तरुण ‘पुष्पदूत’ हवेत. आपली ऋचा (आजोबा या पदाचा तिला काडीचाही धाक नाही) आणि वरच्या मजल्यावरचा वेदांग, असे दोघे नेमले. दोघांना मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र हिंदीचा हात धरावा लागतो. गोहलपुरातून त्यांच्यासाठी जरीकाठी पट्टे शिवून आणले. ते घालून दोघं आरशापुढे इतकी उभी राहिली की कुंड्यांना पाणी शेवटी मीच घातलं. कंबर धरली ती तेव्हाच.

आता खरी गंमत ऐक. आपला उत्सव आजवर मार्गशीर्ष संपल्यावर व्हायचा. महापालिकेतून पाहणीला येणाऱ्या मॅडमना मात्र डिसेंबरातलाच दिवस हवा होता आणि त्यांनी गुरुवार सुचवला. उत्सवाच्या समितीत आम्ही सगळे पुरुष. सगळ्यांनी एका सुरात ‘जी मैडम’ म्हटलं. मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे घरोघरी महालक्ष्मीची पूजा, हे आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही! (पूजेचा प्रसाद मात्र आम्हाला दरवर्षी बरोबर आठवतो.) बुधवारी संध्याकाळी बागेत कुंड्या मांडल्या. माझी पांढरी शेवंती तर ताटाएवढी फुलली होती. गुरुवारी सकाळी जाऊन पाहतो तो काय, ओळीनं नुसता पाला! प्रत्येक कुंडीवर मालकाचं नाव आणि फूल मात्र एकीवरही नाही. गल्लीतल्या बायकांनी पहाटे येऊन आपापल्या कुंडीतली फुलं कात्रीनं अलगद कापून नेली होती.

घरी धावलो. माझी पांढरी शेवंती देवीच्या कलशापुढे विराजमान. मी आवाज चढवला, तर विभावरी म्हणते, “काहून ओरडून राहिले? पाणी आम्ही घातलं, खत आम्ही घातलं. देवीला काय बाजारातलं निळं रंगवलेलं फूल वाहू?” मी आल्या पावली बागेकडे परत फिरलो.

दहाला मॅडम आल्या. पाला पाहिला, माझ्याकडे पाहिलं. चाट-पकोड्यांचा वास मला येऊ लागला होता. तेवढ्यात ऋचानं पट्टा सरळ केला आणि म्हणाली, “मैडम, फूल अभी ड्यूटी पर हैं. चलिए, मिलवा देते हैं.” आणि निघाली की! पुढे ती, मागे मॅडम, वेदांग गल्लीतल्या घराघराची बेल वाजवत. प्रत्येक घरात पूजा, शेवंतीची आरास, मॅडमना हळदीकुंकू, पाटावर बसवून खीर. वेदांग अडखळत का होईना, कोणतं वाण कुणाच्या आजीनं कुठून आणलं ते सांगत होता. आम्ही समितीवाले दारात चपला राखत उभे. पाचव्या घरी मॅडमची ओटी भरली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, “ऐसा फूलों का त्योहार तो हमने देखा ही नहीं.” ताई, मला आईची फार आठवण झाली. शनिवारी मान्यतेचं पत्र आलं. त्यात समितीचं नाव शेवटी आहे, दोन्ही दूतांचं पहिल्या ओळीत. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
अच्युत

ता. क. – मानपत्राचा सोहळा येत्या गुरुवारी. मॅडमना गुरुवार फारच आवडला. स्टेज शेवंतीनं भरून हवं म्हणाल्या आणि मी परत ‘जी मैडम’ म्हटलं. आता लपवून काय उपयोग? मान्यताप्राप्त शेवंती उत्सवाकडे आज एक कळीदेखील उरलेली नाही. तेव्हा तिकडच्या फुलबाजारातून चार टोपल्या घेऊन बुधवारी परतणाऱ्या पियूषच्या गाडीत बसून तूच ये. बाहेर कुणाला बोलू नकोस.

आणखी ता. क. – टोपल्या थेट बागेत उतरव. घरी मुळीच नको.

विनताआजी, मी ऋचा. आजोबांनी लेटर चिकटवायला मला दिलं, तर मी वाचलं, सॉरी. तू ये, पक्का ये. आणि आपली विभावरीआजी सांगून राहिली की टोपल्या अगोदर घरी आणायच्या, गुरुवारी पूजा आहे ना. बाकी गल्लीतल्या काकू पण घरीच येऊन राहिल्या.